साठ वर्षांनी कळलेलं नाव

मंडळी, आज वेस्ट मांबलममध्ये माझा पहिला माहितीपट पुन्हा दाखवला. साठच्या दशकात या शहराच्या समुद्रकाठच्या झोपड्या पाडल्या, तेव्हा मी तो चित्रित केला होता.

शो संपल्यावर सत्तरीच्या एक बाई उठल्या. तमिळमध्ये म्हणाल्या, "भांडी गोळा करताना रडणारी ती बाई माझी आई. तुम्ही तिचं नाव विचारलं होतं का?"

"नाही," मी म्हणालो. त्याच दृश्याने मला ओळख दिली होती. त्या वस्तीच्या हक्कासाठी मी मोर्चेही काढले होते.

मी माफीचे शब्द शोधत होतो, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "सेल्लम्मा."

माहितीपटाच्या शेवटी आता ते नाव येईल.

ज्यांच्यासाठी आपण बोलतो, त्यांच्याशी आपण कितीसं बोलतो?