दिपालीच्या गाडीची पुढची काच

आमच्या कळस गावातील दिपाली स्वस्थ बसलेली मी कधी पाहिलेली नाही. चहासुद्धा ती उभ्यानेच पिते, आणि कप रिकामा होण्यापूर्वी तिची गाडीभोवती एक फेरी होते. साक्षरता वर्गात मी उतारवयात अक्षरे शिकले. ओळखीच्या एका माणसाविषयी लिहावे असे मनात आले, तेव्हा तिच्यावाचून दुसरे कोणी डोळ्यांपुढे आलेच नाही.

दिपालीची एक जुनी पांढरी व्हॅन आहे. मूत्रपिंडाच्या रुग्णांना ती त्या व्हॅनमधून दिवसाआड बारामतीला डायलिसिससाठी नेते आणि परत आणते. माझे यजमान आबाजी हे त्यांपैकी एक. भवानीनगरचे दत्तोपंत हे दुसरे. ते कचेरीतील नोकरीतून निवृत्त झालेले आहेत. यजमानांच्या सोबतीला मीही जाते. पहिल्या पाळीचे मशीन उजाडताच सुरू होते, म्हणून आम्हास पहाटेच्या अंधारात निघावे लागते.

हे काम दिपालीने हौसेने घेतलेले नाही. तिच्या सासऱ्यांना डायलिसिस लागले, त्या वेळी पहाटे एसटी मिळत नसे आणि भाड्याच्या गाडीवाले ऐनवेळी फोन उचलत नसत. त्यामुळे एकदा सासऱ्यांची पाळी चुकली. त्यांच्या छातीत पाणी साठले. भिंतीला टेकून, तोंड उघडे ठेवून ते श्वास ओढीत होते आणि दिपाली त्यांच्या पाठीवरून हात फिरवीत होती. त्यानंतर ती गाडी चालवण्यास शिकली. पुढे सासरे वारले. गाडी विकून टाकावी असे तिचे यजमान युवराज म्हणाले. परंतु तोवर आबाजी आणि दत्तोपंत त्या गाडीत बसू लागले होते. कोणाचीही पाळी चुकू द्यायची नाही, हा तिचा नियम. त्या नियमाने तिला झोपही नीट लागत नाही, असे तिच्या सासूबाई लीलाबाई सांगतात.

यंदा मार्चमधील एका बुधवारी आम्ही बारामतीहून परत येत होतो. पुढे खडी भरलेला डंपर चालला होता. त्यातून एक खडा उडाला, समोरच्या काचेवर येऊन आदळला आणि काचेला बारीक टवका पडला.

"कुणी मारलं?" यजमान दचकून जागे झाले.

"कुणी न्हाय, आबा. खडी उडाली."

दत्तोपंतांनी मागून मान पुढे काढली. "टिकलीएवढं आहे गं. आमच्या मालतीच्या कपाळावर याहून मोठी असते."

"काकूंची टिकली माझ्या नजरेआड येत न्हाय, काका. ही बरुबर डोळ्यासमोर हाय."

तिने गाडी कडेला घेतली, फोटो काढून बारामतीच्या काचवाल्यांना पाठवला आणि फोन लावला. ते म्हणाले, "एवढी जागा भरता येईल. आत रसायन सोडतो, ते घट्ट होतं. थोडा डाग राहील, पण काच वाचेल. मात्र तडा पळाला, म्हणजे लांबत गेला, तर भरून उपयोग नाही, काच बदलावी लागेल. दार आपटू नका, पाणी लागू देऊ नका."

लगेच मागे फिरावे, असे दत्तोपंतांचे मत पडले. दिपालीने आरशातून यजमानांकडे पाहिले. मशीनवरून उठल्यावर त्यांच्या अंगात त्राण राहत नाही. मान एका बाजूला कलली होती. ती मागे फिरली नाही.

आमचे घर तिच्या घरासमोरच आहे. मी यजमानांना उतरवून घेत होते. दिपाली काचेवर लावण्यासाठी चिकटपट्टी आणायला आत गेली. लीलाबाईंना फोनवरून सर्व कळलेले होते, केवळ पाण्याची गोष्ट कळलेली नव्हती. त्या मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या मुठीत घेऊन बाहेर आल्या. त्यांनी गाडीची दृष्ट काढली. मग माठातल्या गार पाण्याचा तांब्या ओवाळला आणि उन्हाने तापलेल्या काचेवर, बरोबर त्या टिकलीवर, रिकामा केला.

कसलाही आवाज झाला नाही. टिकलीतून एक बारीक रेघ निघाली आणि उतारावर पाणी वाट काढते तशी वळत वळत काचेच्या कडेपर्यंत गेली.

"आगं बया! ही तर पळाय लागली!" लीलाबाई ओरडल्या.

दिपाली दारात आली. चिकटपट्टी तिच्या हातात तशीच राहिली. तिने ती रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. नंतर म्हणाली, "आत्या, पाणी चाकावर वतायचं असतं."

"चाकाला कुठं लागलंय? जितं लागलं तितं वतलं."



गुरुवारी ती बारामतीला गेली. यजमानांची औषधे आणायची असल्याने मीही गेले. काचवाल्यांनी तडा पाहिला, त्यावरून बोट फिरवले आणि मान हलवली. "काल आणली असती तर भरली असती. आता बदलणंच आलं. काच पुण्याहून संध्याकाळी येईल. बसवल्यावर गाडी रात्रभर हलवायची नाही, नाहीतर काच नीट धरणार नाही. उद्या दुपारी घेऊन जा."

"उद्या पहाटं पाळी हाय," दिपाली म्हणाली.

"बसा तरी, ताई."

"बसून काच लवकर येती का?"

दुकानाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत तिच्या येरझाऱ्या चालू होत्या. शेवटी तिने विचारले, "पट्टी लावून एक खेप होईल का?"

"लोक चालवतात. मी चालवा असं म्हणणार नाही."

तिने गाडी परत आणली. वाटेत भवानीनगरला दत्तोपंतांच्या घरापुढे थांबली. दत्तोपंतांनी पायजमा वर करून पाय दाखवले. बोटाने दाबले की खळगा पडत होता आणि तो भरून येत नव्हता. ते म्हणाले, "काच बदलून मिळते, हे तिचं नशीब. आम्ही मूत्रपिंडासाठी रांगेत उभे आहोत. दिपाली, एक खेप कर. मग खुशाल बदल." शेवटचे शब्द त्यांनी विनोदाच्या सुरात म्हटले, पण पायजमा वरच धरून ठेवला होता.

घरी आल्यावर माझे यजमान नेमके उलट म्हणाले. "आदी काच बदल, पोरी. म्या एक दिवस पाण्याला शिवणार न्हाय."

"पाण्याचं मला सांगू नका, आबा. परवा परसात उभं राहून कलिंगड कुणी खाल्लं?"

कलिंगड म्हणजेही अंगात साठणारे पाणीच; यजमानांनी पंच्याने तोंड पुसले. दिपाली अंगणात गेली, परत आत आली, पुन्हा अंगणात गेली. जेवायला बसली आणि अर्ध्या भाकरीवरून उठली. दिवेलागणीला ती माझ्याकडे आली. "मावशी, फाट्यापत्तूर येता का? अंधारात कसं दिसतंय, बघायचं हाय."

मी तिच्या शेजारी बसले. तिने तड्यावर पट्टी लावली होती. रस्ता मोकळा होता आणि तिला नीट दिसत होते. तिचा चेहरा थोडा सैल झाला. "हुईल की, मावशी," ती म्हणाली. तेवढ्यात समोरून उसाचा ट्रॅक्टर आला. त्याचा एकच दिवा चालू होता. तो उजेड काचेवर पडला मात्र, दिपालीने गाडी कडेला घेऊन जागीच थांबवली.

"मावशी, तुमाला दिवे किती दिसत्यात?"

"एकच."

"मला नुस्ता चुरा दिसतोय. खरा दिवा कुठला, ते कळंना."

उसाच्या ट्रॉल्या आमच्या बाजूने खडखडत गेल्या. समोर, आमच्याच बाजूला, एक म्हातारा गृहस्थ सायकल हातात धरून चालत होता. तो आमच्या गाडीपासून फार लांब नव्हता. त्याने आमच्याकडे पाहिलेही नाही.

"ह्यो मला दिसलाच न्हाय," दिपाली म्हणाली. तिने दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरले होते. मला तो माणूस पहिल्यापासून दिसत होता. माझ्या बाजूची काच धड होती.

परत येताना ती माणूस चालेल इतक्या सावकाश आली. घरी न थांबता ती सरळ रणजितच्या दारी गेली. रणजित आमच्याच आळीत राहतो. त्याची नवी गाडी लग्नसमारंभांना भाड्याने जाते. दिपालीची व्हॅन दिसली की तो हमखास विचारतो, "वहिनी, गाडी हाय का पाळणा?" त्यामुळे तिने त्याच्याकडे आजवर काहीही मागितले नव्हते. त्या संध्याकाळी मागितले. मी तिच्या मागेच उभी होते.

"पहाटं गाडी पायजे, भाऊजी. माझी पेशंट माणसं हायत."

"गाडी देतो की. पर चालवणार म्या."

दिपालीने लगेच होकार दिला नाही. ती त्याच्या गाडीभोवती फिरली, टायर दाबून पाहिले, पुढच्या काचेवर तळहात फिरवला.

"वहिनी, तुमी मागाय आलाय का तपासाय?"

"दोन्ही," ती म्हणाली. "आन् खड्डा आला की हळू घ्यायचं. आबांच्या सुया टोचायच्या हाताला धक्का चालत न्हाय."

शुक्रवारी पहाटे आम्ही रणजितच्या गाडीतून निघालो. दिपाली त्याच्या शेजारी बसली. तिला दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत बसलेले मी प्रथमच पाहत होते. समोरून उजेड आला की तिचा उजवा पाय खालच्या पत्र्यावर दाबला जाई. असे वारंवार होऊ लागले, तेव्हा रणजित म्हणाला, "वहिनी, पत्रा फाटंल. ब्रेक माझ्याकडं हाय."

"मग वापरा की!"

दत्तोपंत मागे मोठ्याने हसले. पाळीच्या वेळेपूर्वीच आम्ही पोचलो, आणि त्यांचे सुजलेले पाय मशीनशेजारच्या खाटेवर टेकले. ते पाहिल्याशिवाय दिपाली तेथून हलली नाही. त्यानंतर ती काचवाल्यांकडे गेली. युवराज यांनी आपल्या नोकरीतील रात्रपाळी संपवून, दिवसाउजेडी, व्हॅन तेथे आणून लावली होती. काच बसवून होईपर्यंत ती समोर उभी होती, असे युवराज यांनी मला सांगितले. खुर्ची दिली होती, असेही ते म्हणाले.

शनिवारी व्हॅन कळसला परत आली. नवी काच इतकी स्वच्छ होती की तेथे काही नाहीच असे वाटे. लीलाबाई मीठ, मोहरी, मिरच्या आणि भरलेला तांब्या घेऊन बाहेर आल्या. ते पाहताच दिपाली धावत गेली आणि दोन्ही हात पसरून काचेपुढे उभी राहिली.

"सर की गं बाजूला. चाकावरच वतते."

"वता, आत्या. म्या हितंच बरी हाय."

लीलाबाईंनी दृष्ट काढली, तांब्या ओवाळला आणि खाली वाकून सर्व पाणी पुढच्या चाकावर ओतले. तांब्या पुरता रिकामा झाल्याचे आत डोकावून पाहिल्यावरच दिपालीने हात खाली घेतले.