काठाकडचा लाल झेंडा

रामटेकपुढच्या टेकड्यांमधून जाणाऱ्या रस्त्यावर एक वळण आहे. आसपासच्या खेड्यांत त्याला 'बाईचं वळण' म्हणतात. रस्ता बांधताना तिथे एका बाईचा बळी दिला, असे एका गावात सांगतात. शेजारच्या गावात ती बाई दरीत पडून गेली असे सांगतात. दोन्ही गोष्टींना कसलाही आधार सापडत नाही. ज्यांच्यावरून हे नाव पडले असावे, त्या वच्छलाबाई मेश्राम आज नागपूरला प्रताप नगरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. बळीची गोष्ट ऐकून त्यांनी एवढेच विचारले, "अन् माह्या मयतीले कोणी आलं होतं का नाही?"

त्यांचे पती रुपराव सरकारी रोड रोलरचे ड्रायव्हर होते. रोलर माणसाच्या चालीने चालतो. नागपूरहून कामावर पोचायलाच त्याला मुक्काम करावे लागत. म्हणून रोलरच्या मागे लोखंडी चाकांची एक खोली जोडलेली असे. तिला सगळे 'डबा' म्हणत. लग्नानंतर वच्छलाबाईंचा संसार त्या डब्यात सुरू झाला. स्टोव्ह, एक पेटी, आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर; ती प्रवासात हलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी तारेने बांधलेली.

हकिगत दुष्काळाच्या पुढच्या वर्षाची आहे. चंपतराव साल त्र्याहत्तर सांगतात आणि ते जुळते. हे चंपतराव रोलरपुढे लाल झेंडा घेऊन चालत. पुढून येणाऱ्या गाड्यांना थांबवायचे आणि ड्रायव्हरला वाट दाखवायची, हे त्यांचे काम. त्या वर्षी भादव्यात वादळी पाऊस झाला. साग उन्मळून पडले, आणि या वळणाचा बाहेरचा अर्धा भाग भिंतीसकट दरीत गेला. वरच्या गावांचे धान रामटेकच्या बाजारात उतरायचे ते याच रस्त्याने. रस्त्याच्या मजुरांच्या गँगने खालपासून नवी दगडी भिंत रचली, भराव टाकला, वर गिट्टी, म्हणजे खडी, पसरली. आता ती दाबायची होती. वळणावर रोलर आतल्या बाजूने सुरू करतात आणि पट्ट्या पट्ट्यांनी बाहेर सरकत जातात. दरीकडचा काठ शेवटी येतो.

रुपराव तो काठ दाबत नव्हते.

त्याचे कारण जुने होते. चिखलदऱ्याच्या घाटात एकदा त्यांच्या रोलरखालचा काठ खचला होता. रोलर कलला आणि एका झाडाला अडकून राहिला. रुपरावांना खरचटलेही नाही. त्यामुळे कोणी त्यांची विचारपूसही केली नाही. पण तेव्हापासून काठ जवळ आला की त्यांचे हात आपोआप चाक आत वळवत.

ओव्हरसियर मनोहरराव माणूस वाईट नव्हता. स्वतः काठावर उभा राहून, टाच आपटून त्याने भिंतीचा भरवसा दिला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "रुपराव, काठ असाच राहिला तर पुढच्या पावसात पुन्हा भगदाड पडेल. आज झालं नाही तर मला दुसरा ड्रायव्हर बोलवावा लागेल."

एकदा रोलरवरून उतरवलेल्या ड्रायव्हरला पुन्हा रोलर मिळत नसे. यार्डात चौकीदारी मिळे. डबा तर नव्या ड्रायव्हरचाच. रुपराव नुसते "हो सायेब" म्हणाले. डब्याच्या दारात वच्छलाबाईंनी ते ऐकले.

डबा खालच्या वळणावर उभा होता. तिथून वर पाहिले तर रोलरचे छप्पर आणि त्याच्यापुढचा लाल झेंडा, एवढेच दिसे. त्या सकाळी भाकरी थापायची सोडून वच्छलाबाई पाहत राहिल्या. काठ जवळ आला की छप्पर आत वळे. पण त्याच्या आधी झेंडा आत वळे.

दुपारी त्या भाकरी घेऊन वर गेल्या आणि जेवायला बसलेल्या चंपतरावांना त्यांनी बाजूला बोलावले.

"भाऊजी, झेंडा आतून काहून नेता तुमी?"

चंपतराव घास चावत राहिले. मग हळूच म्हणाले, "वयनी, मी काठाकडून चाललो का त्याचे हात थरथरते. पाहवत नाही."

"म्हंजे माहीत हाये तुमाले?"

"साऱ्या गँगले माहीत हाये. बोलत कोणी नाही."

प्रेमापोटी, कोणी न ठरवता, सगळी गँग रुपरावांच्या भीतीला वाट करून देत होती. वच्छलाबाईंनी हात पुढे केला.

"द्या तो झेंडा."

"सायेबानं पाहिलं तं?"

"तुमचं डोकं दुखून राहिलं म्हना."

"तुमाले पाहून आता खरंच दुखून राहिलं," चंपतराव म्हणाले. पण झेंडा त्यांनी दिला.

त्या दिवशी वच्छलाबाईंचे लुगडे हिरवे होते, असे चंपतराव सांगतात. त्या म्हणतात, हिरवे लुगडे त्यांच्याकडे कधी नव्हतेच. बाकीच्या गोष्टींवर मात्र दोघांचे एकमत आहे.

जेवणानंतर रुपरावांनी रोलर सुरू केला आणि पुढे पाहिले, तर भिंतीच्या अगदी कडेने त्यांची बायको झेंडा धरून चालली होती.

"अवं! तिकडून कुठं चालली? आत ये!"

"आयकू नाही येत!" त्या ओरडल्या. सगळे ऐकू येत होते, हे त्या आज हसत कबूल करतात.

रोलर झेंड्यामागून निघाला. वळणाचा बाहेरचा टोकाचा भाग आला तसा तो थांबला. वच्छलाबाईही थांबल्या आणि वळून उभ्या राहिल्या. पाठीमागे दरी होती. पायाखालून एक गिट्टी सुटून घरंगळत गेली. त्या हलल्या नाहीत.

"बाजूले हो," रुपराव म्हणाले. "मले नाही जमत."

हे त्यांनी आजवर कोणाजवळही म्हटले नव्हते. सारी गँग ऐकत होती.

"माहीत हाये. झोपेत ब्रेक दाबता तुमी. अन् ब्रेक म्हनून माही पोटरी दाबता. किती वर्सं झाली, निळी पडते!"

गँगमधली एक बाई फिसकन हसली. मग चंपतराव. मनोहरराव दुसरीकडे पाहू लागला.

"मी बसली का डबा कलते म्हन्ता ना?" वच्छलाबाई पुढे म्हणाल्या. "मंग एवढी जड बाई झेलून राहिला ना हा काठ?"

"तू अन् रोलर एका तराजूत काय वं!" रुपराव म्हणाले. आवाज अर्धा रडका होता, अर्धा हसता.

"दरीकडं पाहू नका. माह्याकडं पाहा."

झेंडा आडवा धरून त्या काठाकाठाने उलट्या पावलांनी मागे चालू लागल्या. काही क्षण रोलर जागीच धडधडत राहिला. मग त्याचे मोठे चाक फिरले आणि काठावरची गिट्टी कडाकडा बसू लागली. भिंत हलली नाही. संध्याकाळपर्यंत तो काठ पुन्हा पुन्हा दाबून झाला. शेवटच्या फेरीला झेंडा चंपतरावांच्या हातात होता आणि ते काठाकडून चालत होते.

दुसरा ड्रायव्हर आला नाही. रुपराव निवृत्त होईपर्यंत रोलरवरच होते. त्यांची भीती गेली का, हे त्यांना विचारले. ते म्हणाले, "जाते कुठं? डब्यातच राहात होती आमच्यासंगं. पन मंग लपवा लागली नाही."

आत चहा गाळणाऱ्या वच्छलाबाई म्हणाल्या, "माही पोटरी इचारा."

संध्याकाळी दोघे प्रताप नगरच्या रस्त्याने फिरायला निघतात. रुपरावांना आता ट्रकची वर्दळ सोसत नाही. वच्छलाबाई रहदारीच्या बाजूने चालतात, अर्धे पाऊल पुढे.