काकांच्याही मागे

आधीच सांगून टाकते, म्हणजे कमेंटमध्ये कुणी शिकवायला नको... मी शाळेत गणित शिकवते, आणि रस्त्यात टाकलेलं लिंबू-मिरची मुद्दाम ओलांडून जाणाऱ्यांतली आहे. भुताचे सिनेमे बघताना मला हसू येतं. तरीही हे लिहितेय, कारण ज्यांना सांगायला हवं त्यांना सांगता येत नाहीये.

आम्ही नाशिकला, सातपूरला राहतो. चाळिशीत वजन वाढलं म्हणून मी इथल्या एका रनिंग ग्रुपमध्ये शिरले. सात-आठ जण होतो, पहाटे त्र्यंबक रोडला पळायचो. गायकवाड काका त्यातले सगळ्यात मोठे, पासष्टीचे. मूळचे हरसूलकडचे, एमआयडीसीतल्या कारखान्यातून रिटायर झालेले. ते आमचे स्वीपर. म्हणजे सगळ्यात शेवटी पळणारा माणूस. कुणी दमून मागे पडलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, स्वतः त्याच्या पुढे जायचं नाही, हे त्याचं काम. मागे पडणारी बहुतेक वेळा मीच, त्यामुळे माझ्या पाठीशी कायम काका. कारखान्यात कधीतरी डाव्या पायाला मार लागला होता, तो पाय जरा घासत यायचा. ठप्-खर्र, ठप्-खर्र.

"चल गं, मी हाय मागं. वळून बघायचं नाय, त्यानं लय दमायला होतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

काकू कधी पळाल्या नाहीत. रविवारी तेवढ्या चपला फटफटवत कोपऱ्यापर्यंत यायच्या, आमच्यासाठी लिंबू सरबत घेऊन.

माझी पहिली हाफ मॅरेथॉन, एकवीस किलोमीटरची, कोरोनामुळे आधी पुढे ढकलली आणि मग रद्दच झाली. मेल आला — जिथे असाल तिथे एकटे पळा, ॲपवर टाका, मेडल कुरिअरने मिळेल. मेडल आहे की पिझ्झा! मी वैतागून बूट माळ्यावर टाकले. पण काका सोडतात होय? रोज साडेपाचला फोन.

"उठली का बाई?"

"हो काका, पळतेय."

"मग पंख्याचा आवाज कसला येतोय?"

शेवटी लाजेखातर बूट खाली काढले. रेस नव्हती, ग्रुप नव्हता, पण हा म्हातारा फोन करणार एवढ्यासाठी मी महिनोन्महिने एकटी पळत राहिले.

दुसऱ्या लाटेत काका-काकू दोघेही ॲडमिट झाले. हॉस्पिटल एकच, वॉर्ड वेगळे. पाचव्या दिवशी संध्याकाळी काकांचा फोन आला. एकेका शब्दाला धाप लागत होती.

"उद्या... एकवीस कर. पुरे एकवीस."

"काका, रेसच नाहीये. कशाला आता?"

"नसंना. मी मनातल्या मनात येतो मागं. हितं पडून दुसरं काय करू?... मधे थांबू नको."

मला रडू आलं. थांबणार नाही, असं कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी सव्वापाचला निघाले. माझे टी-शर्ट ओले होते म्हणून नवऱ्याचा पिवळा, गुडघ्यापर्यंत येणारा चढवला होता. रस्ता मोकळा. साडेदहा किलोमीटरवर, अंजनेरीच्या अलीकडे, वळून परत निघाले. तोपर्यंत काहीच नव्हतं.

महिरावणीपाशी मागून आवाज आला. ठप्-खर्र. ठप्-खर्र.

चांगलं उजाडलेलं होतं. उन्हात अंगावर सर्रकन काटा आला. मी वेग वाढवला, तोही वाढला. मी हळू झाले, तोही हळू झाला... पुढे मात्र आला नाही. आणि मग, काय सांगू, भीती कमीच झाली. काका आहेत ना मागे, असं वाटायला लागलं.

पण त्या आवाजाच्याही मागे, बऱ्याच अंतरावर, दुसरा आवाज होता. फट् फट् फट्. चपला. गावातलं कुणी चालत असेल म्हणावं, तर चालणारं माणूस पळणाऱ्याच्या मागे किती वेळ टिकेल? तो आवाज मात्र मला सोसवेना. मी जीव खाऊन पळाले. पिंपळगाव बहुल्यापाशी तो आणखी लांब गेला, मग थांबला. मला हायसं वाटलं. घड्याळात सात वीस झाले होते.

ठप्-खर्र शेवटपर्यंत सोबत होता. एकवीस पूर्ण झाले, मी थांबले, वळले. रस्ता रिकामा.

नऊ वाजता काकांच्या मुलीचा फोन आला. काकू गेल्या होत्या, सव्वासात-साडेसातच्या सुमारास. काकांचाही ऑक्सिजन पहाटे फार खाली गेला होता. डॉक्टरांनी आशा सोडली होती, पण आठनंतर काका सावरले.

तीन आठवड्यांनी काका घरी आले. मी भेटायला गेले, मास्क लावून दारातच बसले. काका निम्मे झाले होते. म्हणाले, "त्या दिवशी तू पिवळा टी-शर्ट घातला होता. ढगळा. तो बघत बघत मी पळत होतो."

त्या टी-शर्टबद्दल मी कुणाशीच बोलले नव्हते.

"आन् माझ्या मागं कुणीतरी होतं गं. चपला घालून. शेवटचा तर मी असतो ना? मग माझ्या मागं कोण? वळून बघितलं नाय मी. आयुष्यभर सगळ्यांना तेच सांगत आलो... तुला आला का कुणाचा आवाज?"

"नाही काका," मी म्हणाले. "कुणाचाच नाही."

दमलेल्या मेंदूला भास होतात, हे मी वाचलंय. काकांच्या काळजीने तोच आवाज कानात बसला असेल, हेही स्वतःला पटवून झालं. पिवळ्या टी-शर्टचं काय करायचं, ते कळत नाही. कुणाकडे उत्तर असेल तर जरूर लिहा.

आता ग्रुप पुन्हा सुरू झालाय, रेसही होतात. काका पळत नाहीत, कोपऱ्यावर येऊन उभे राहतात. गेल्या रविवारी त्यांनी मला बाजूला घेऊन पुन्हा तेच विचारलं, आणि मी पुन्हा नाही म्हणाले. हो म्हटलं तर ते पुढचं विचारतील... तुला ऐकू येत होतं, तर मग तू का नाही थांबलीस?