ढब्बूचा जबडा

हे मी आजवर कुणाजवळ बोललेली नाही. नवऱ्याला सांगितलं असतं, पण तो तेव्हा नव्हता. आणि असता तर त्यानं गावभर केलं असतं. तर आता तुम्हालाच सांगते — मी एकदा एक जनावर चुलीवर वाळत टाकलं.

खरं नव्हे हो. माझी नात ओवी तेव्हा मुंबईला शिकत होती — नाटक-सिनेमाला लागणारी खोटी जनावरं, राक्षस, भुतंखेतं बनवायची विद्या. अशी विद्या असते, हे तरी मला कुठे ठाऊक? शेवटच्या परीक्षेला स्वतःच्या डोक्यातून काढलेला एक प्राणी करून न्यायचा होता. म्हणून पावसाळ्यात ती जव्हारला आमच्याकडे आली आणि पडवीत बसून तिनं कागदाच्या लगद्याचा ढब्बू केला. तरसाचं धड, खेकड्यासारखे वर आलेले डोळे, भोपळ्याच्या बियांचे दात. इतका कुरूप, की माझा जीवच जडला त्याच्यावर. सकाळी चहा घेताना मी त्याच्याशी बोलायचे — आसपास कुणी नाही ना, हे बघून.

आता माझी ऐट ऐका. मी मोखाड्याची. माझे वडील बोहाड्याच्या उत्सवात देवाचा मुखवटा चढवून नाचायचे. तो कागदी मुखवटा वर्षभर आमच्याच घरी, चुलीवरच्या माळ्यावर — धुरात राहिला की कीड लागत नाही. एवढ्या भांडवलावर मी पोरीला शिकवायचे, लगदा असा हवा, चिकटवायची खळ तशी हवी. ती मान डोलवायची. मुखवटा बनताना मी जन्मात पाहिला नव्हता! वडील नुसते नाचायचे, करणारा दुसराच. पण हे कबूल कोण करतं? तेव्हा मी लहान होते — जेमतेम पासष्टीची.

आमच्याकडची हवा ओली, ढब्बू काही सुकेना. ओवी म्हणायची, सावलीत सावकाश वाळू दे. एके दिवशी ती बांबूच्या कामट्या आणायला मोखाड्याच्या बाजाराला गेली, आणि मला शहाणपण सुचलं. न्हाणीच्या चुलीवर उंच फळी टाकली, वर ढब्बू, खाली विस्तव. आमचा मुखवटा नाही का वर्षानुवर्षं धुरात राहिला? राहिला — पण तो वाळलेला होता, बाई. हा पोटातून ओला. मान उलली, आणि खालचा जबडा दातांसकट माझ्या ओच्यात येऊन पडला.

मग मी काय केलं? काजळी पुसली, जबडा होता तिथे टेकवला, ढब्बूला परत पडवीत नेऊन बसवलं आणि तांदूळ निवडायला बसले.

इथवर नुसता मूर्खपणा. हसा, मीही हसते. पुढचं तसं नाही.

ओवी जीपमधून उतरली, कामट्या खाली ठेवल्या, ढब्बूला हात लावला — आणि जबडा तिच्या हातात आला. रडली नाही. भेगेवरून बोट फिरवत बसली. मग विचारलं, आजी, माझी खळ चुकली का? तिच्या लेखी मी मुखवटेवाल्याची लेक, मला कळणारच.

मी म्हणाले, "चुकलीच. कागदाचं काम तुझ्या हातचं नाही."

असं का म्हणाले? चुकलीच, एवढ्यावर तरी का थांबले नाही?

तिनं परीक्षेला फोमचा दुसरा प्राणी केला. पास झाली. आज नाटकवाले तिला शोधत येतात. तिची फोमची नि रबराची जनावरं तोंडं हलवतात, मी जाऊन टाळ्या वाजवते. पण कागदाला तिनं पुन्हा हात लावलेला नाही. पूर्वी बोहाड्याला आली की प्रत्येक मुखवट्याच्या गालावर बोट फिरवून बघायची. आता लांब उभी राहते, दोन्ही हात पाठीमागे धरून.

गेल्या बोहाड्याला तिला तशी उभी पाहिलं आणि ठरवलं, आज सांगायचं. जवळ गेले, दंड धरला. तेवढ्यात तीच माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "आजी, तू तेव्हा तोंडावर खरं सांगितलंस ना, म्हणून मी वाचले. बाकी सगळे नुसते गोड बोलतात."