तुरीवरचा उजेड

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी कारंज्याच्या बाजारात होतो. "सुरेश, गेली रे तुयी ताई," एवढंच बोलले आणि फोन तसाच चालू राहिला. मागे कुणीतरी रडत होतं... त्याला आता दीड महिना होत आला.

सुमनताई माझ्याहून बरीच मोठी. आसेगावला शाळेत चित्रकला शिकवायची आणि शाळा सुटली की बांधावर बसून एकच देखावा रंगवायची: तिच्या सासरचं तुरीचं शेत, कडेची बाभूळ, मागचा माळ. "ताई, सगळीकडं हेच वावर?" मी चिडवायचो. ती म्हणायची, "वावर एकच आहे रे, उजेड कुठी एक आहे?" आणि खरंच, एका चित्रात ते शेत हसरं दिसे, तर दुसऱ्यात घरचं माणूस गावाला गेल्यासारखं.

मग काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपा, असं डॉक्टर म्हणाले. थेंब झाले, ऑपरेशन झालं. तरी कडेकडेनं अंधार आत येत राहिला आणि आम्ही बघत राहिलो.

गेल्या हिवाळ्यात तुरी फुलल्या तेव्हा तिनं पुन्हा तेच शेत काढायला घेतलं. मी शेजारी बसून रंगांच्या नळ्या हातात द्यायचो. एके दिवशी बघतो, तर पिवळ्या फुलोऱ्यावर ती करडा थर चढवत होती.

"ताई, उजेड झाकून राह्यली तू."

तिचा हात थांबला. "मले तं वाढून राह्यला असा दिसते..." मग हळूच म्हणाली, "आता तूच सांग, काय करू?"

तिला दिसणारा उजेड मला कुठून दिसणार? ती पुन्हा रंगवू लागली. चित्र पुरं झालं की नाही, हे तिनं कधी सांगितलं नाही. उन्हाळा लागता लागता एका दुपारी झोपेतच ती गेली.

तेरवीनंतर भाऊजी मला तिच्या खोलीत घेऊन गेले. जन्मभर त्यांनी चित्रांकडं लक्ष दिलं नव्हतं. स्टँडवरच्या त्या चित्राजवळ गेले, मागे सरले, डोक्यावरची टोपी काढली.

"सुरेश, याच्यात दिवस निंगून राह्यला का बुडून राह्यला?"

"माहीत नाही, भाऊजी."

"तिले इचाराले पायजे होतं..."

आता आसेगावला गेलो की ते त्या खोलीतच सापडतात. खिडकी उघडी, खुर्ची चित्रासमोर. सकाळी बघतात, दिवस कलला की पुन्हा बघतात... ठरत नाही.