पाणचट दूध

आम्ही शहागड सोडलं तेव्हा गोदेत गुडघाभरच पाणी होतं. रझाकारांच्या भीतीनं दिवस उजाडताच गाडी जुंपली. सासूबाई काठावरच थांबल्या. "थोरल्याला सोडून राहू नका," एवढंच म्हणाल्या. गाडीत आम्ही दोघं, दहा महिन्यांची कुसुम, जाऊबाई आणि पुढं कासरा धरून भाऊजी, म्हणजे वन्सं, तुमचे थोरले दादा. तुम्ही तेव्हा तीर्थपुरीला सासरी होता. वहिनी गावी का येत न्हाई, असं दर पत्रात विचारता, म्हणून आज लिहिते.

निजामाची हद्द ओलांडून नगरकडच्या छावणीत आलो. वाटेतच माझं अंगावरचं दूध आटलं. छावणीत लेकरांसाठी दूध यायचं. भाऊजी शिकलेले, तोंडानं गोड. वाटपाचं काम त्यांच्याकडं आलं. मला केवढा आधार वाटला!

पाणचट हा शब्द तोवर मी आमटीला लावायची, ताकाला लावायची. भाऊजींच्या विनोदांनाही, पण मनातल्या मनात. ह्या दुधाला तोही कमी पडला. निळसर, भांड्याचं बूड दिसायचं, वर ओढ्यातला किडा तरंगायचा. कुसुमला हगवण लागली. पोर मान धरेना.

भाऊजींना विचारलं, तर म्हणाले, "दूध कमी, लेकरं जास्त. सगळ्यांना बराबर मिळाया नको?"

मला पटलं. पटलं, याचीच आज शिसारी येते.

दुसऱ्या दिवशी विस्तव मागायला त्यांच्या राहुटीत गेले. जाऊबाई खवा आटवत होत्या. भाऊजी पातेल्याच्या कडेची साय बोटानं पुसून चाटत होते. मला बघून म्हणाले, "उरलं होतं थोडं."

मी पातेलं उचललं आणि वाटपाच्या रांगेपुढं नेऊन ठेवलं. "आमच्या भावजयीचं डोकं फिरलंय," भाऊजी हसत म्हणाले. कुणी हसलं न्हाई. छावणीच्या लोकांनी काम त्यांच्याकडून काढून घेतलं. ह्यांचा राग मात्र पाणचटच निघाला: "जाऊ दे, थोरला भाऊ हाय."

जवळच्या वस्तीवरच्या ठकूबाईनं शेळीची धार थेट वाटीत काढून दिली, रोज. कुसुम वाचली. शेजारच्या रुखमीचं लेकरू गेलं. त्याला पुरायला तुमचे दादा सगळ्यांच्या पुढं होते, रडत.

निजामाचं राज्य गेलं, गाड्या शहागडकडं वळल्या. मी म्हणाले, "मी येत न्हाई." हे दोन दिवस गाडीत सामान भरत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी गाडीतली आमची वळकटी उचलून खाली ठेवली.

आता इथं दोन खोल्या आहेत, ठकूबाईच्या वाड्याला लागून. कुसुम 'नाही' म्हणते, माझ्या 'न्हाई'ला हसते. सासूबाई गेल्या तेव्हाही मी आले न्हाई, ते जन्मभर खाईल मला. तुमचे दादा गावात मानाचे झालेत, पंगतीत आग्रहानं वाढतात, असं ऐकते. वन्सं, तुम्ही लेकरांना घेऊन इकडं या. त्या घरात घोटभर पाणीसुद्धा माझ्या घशाखाली उतरायचं न्हाई. त्याला मी माझं घर कसं म्हणू?