काजळवाले पाहुणे

आखातातल्या सुलैबियाच्या मेंढवाड्यात राबणारा तो रत्नागिरीचा माणूस मला ‘डॉक्टरसाहेब’ म्हणायचा. मी इस्पितळात फक्त एक्स-रे काढतो, हे सांगून सांगून थकलो. बायकोला मात्र भारी हसू यायचं. दर शुक्रवारी मटणाला गेलो की तो आधी आत न्यायचा. अरबी मालकाने बकरी ईदसाठी स्पेनहून मटणाच्या खास जातीचे मेंढे मागवले होते. डोळ्यांभोवती काजळ घातल्यागत काळी वर्तुळं. तो त्यांना ‘पाहुणे’ म्हणे आणि लुंगीला हात पुसूनच शिवे.

ऐन उन्हाळ्यात एका मेंढ्याने चारा सोडला.

“ताप हाय काय, बघा वो. ईदच्या आधी पाहुणा मेला तर मालक मला गावी धाडील.”

मी मेंढ्याचा कान धरून गंभीर चेहरा केला. कळलं काहीच नाही. एवढ्यात पाठीला गार वारा लागला. वळून पाहिलं, तर त्याच्या पत्र्याच्या खोलीतला कूलर इथे आणून ठेवलेला.

“अहो, आणि तुम्ही?”

“माझ्या अंगावर लोकर नाय वो.”

तेवढ्यात मेंढ्याने चाऱ्याला तोंड लावलं. रत्नागिरीकराचा चेहरा उजळला.

“आता ईदपर्यंत जगंल,” तो म्हणाला, आणि मेंढ्याचा कान खाजवत राहिला.